गुन्हेशास्त्र शिकायचं म्हणजे नेमकं काय? नागपूरच्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. नागपुरात गेली बरीच वर्षं कायद्याच्या विद्यार्थ्यांना गुन्हेशास्त्र आणि दंडशास्त्राचा (म्हणजे शिक्षेच्या अभ्यासाचा) पेपर शिकवतोय, एवढंच माझं भांडवल. पण मामाचा मित्र, शेजारच्या काकू, कुणीतरी नंबर देतं आणि पलीकडून प्रश्न येतो, “सर, पोट्टी म्हणते क्रिमिनॉलॉजी करते. स्कोप आहे का?” प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. कुणी विचारत नाही, पण विचारायला हवेत, असे दोन-तीन मीच मध्ये घातले आहेत.

गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिक एकच ना?

नाही. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. समजा, धंतोलीत भरदुपारी घरफोडी झाली. कपाटाच्या काचेवरचा बोटाचा ठसा उचलणारा, तुटलेल्या कुलपावरच्या खुणा तपासणारा माणूस फॉरेन्सिकचा. मराठीत त्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात. कोणतं कलम लागतं, पंचनामा कोर्टात टिकेल का, हे वकील बघतो. गुन्हेशास्त्राचा माणूस भलतंच विचारत बसतो: याच गल्लीत पुन्हा का? दुपारीच का? पकडलेला पोरगा मागच्या वर्षीच सुटून आला होता, मग मधल्या काळात त्याचं काय झालं? आणि ज्या आजींचं घर फुटलं, त्यांना आता दुपारची झोप लागते का?

तिसरा शब्द न्यायवैद्यक. वर्तमानपत्रं फॉरेन्सिकला सरसकट न्यायवैद्यक लिहून टाकतात, पण ते क्षेत्र डॉक्टरांचं. शवविच्छेदनातला तज्ज्ञ व्हायचं असेल तर आधी एमबीबीएस, मग त्याच विषयातलं एमडी. तो रस्ता मेडिकल, मेयो नाहीतर एम्स या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांकडे जातो, आमच्याकडे येत नाही.

मग गुन्हेशास्त्रात शिकवतात तरी काय?

माणूस गुन्हा का करतो, समाज कशाला गुन्हा म्हणतो, शिक्षेने काय साधतं आणि ज्याच्यावर गुन्हा घडला त्याचं पुढे काय होतं, हे चार धागे. सोबत संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र. हे ऐकल्यावर बरीच मुलं गप्प होतात.

पुस्तकी सुरुवात युरोपातून होते. इटालियन विचारवंत बेकारियाने १७६४ मध्ये मांडलं की शिक्षा किती कडक आहे यापेक्षा ती होणारच ही खात्री माणसाला जास्त रोखते. मग इटालियन डॉक्टर लोंब्रोसो येतो, १८७६ चा. गुन्हेगार जन्मतःच वेगळा असतो, कवटी-जबड्यावरून ओळखू येतो, असं त्याचं म्हणणं. वर्गात मुलं हसतात. तेव्हा मी फळ्यावर दुसरं साल लिहितो: १८७१. त्या वर्षी इंग्रजांनी आपल्याकडे ‘गुन्हेगार जमाती’ कायदा केला होता. लोंब्रोसोच्या पाच वर्षं आधी! अख्ख्या जमातीच्या नावापुढे गुन्हेगार लिहायचं, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय गाव सोडू द्यायचं नाही. १९५२ मध्ये तो कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण पाठोपाठ सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि संशय तसाच राहिला. विदर्भात कुठे चोरी झाली की आजही पोलिसांची गाडी आधी कोणत्या बेड्याकडे, म्हणजे कुणाच्या वस्तीकडे वळते, हे फासेपारध्यांना विचारा. हा धडा नीट समजला, तर तुम्ही अर्धं गुन्हेशास्त्र शिकलात असं मी मानतो.

पुढे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँड आहे. त्याने १९३९ मध्ये ‘पांढरपेशा गुन्हेगारी’ ही कल्पना मांडली. गुन्हा म्हणजे झोपडपट्टी हे समीकरण त्याने मोडलं. पतसंस्था बुडवणारा संचालकही याच विषयात बसतो.

नागपुरात कुठे शिकता येईल?

इथे ‘बीए गुन्हेशास्त्र’ अशी पाटी शोधत फिरू नका. विषय इथे आहे, पण इतर पदव्यांच्या पोटात. चार दारं सांगतो.

कायदा: डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय १९२५ पासूनचं आहे, आणि वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. पहिल्यासाठी राज्याची सीईटी, दुसऱ्यासाठी क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची परीक्षा. एलएलबीत दंडशास्त्र, पीडितशास्त्र असे पेपर येतात आणि एलएलएमला फौजदारी कायदा घेतला की खरी खोली मिळते.

विज्ञान: शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था. बारावी विज्ञान केलेल्यांसाठी फॉरेन्सिकची बीएस्सी, पुढे एमएस्सी. बाहेरगावची मुलं इथे येतात आणि इथल्या मुलांना ती माहीत नसते, असं मी अनेकदा पाहिलंय. एक खुलासा. ही संस्था म्हणजे पोलिसांची प्रयोगशाळा नव्हे. प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा वेगळी, ती गृह विभागाखाली चालते. संस्थेत प्रवेश मिळाला म्हणजे प्रयोगशाळेत जागा पक्की, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

समाजकार्य: तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय, मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था. एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) क्षेत्रकार्यात मुलं बालगृहात, समुपदेशन केंद्रात जातात. माणसाशी बोलायचं कसं, हे कायद्याच्या वर्गात आम्ही शिकवत नाही. इथे शिकवतात.

चौथं दार समाजशास्त्र किंवा मानसशास्त्राच्या एमएचं. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नूचा फौजदारी न्याय विषयातला पदव्युत्तर डिप्लोमा आहे.

बाहेर जायची तयारी असेल तर?

सागर. सगळे आधी पुणे-मुंबईचं नाव काढतात, पण भारतात गुन्हेशास्त्र आणि फॉरेन्सिकचा विद्यापीठीय विभाग सर्वांत आधी उघडला तो मध्य प्रदेशातल्या सागर विद्यापीठाने, १९५९ मध्ये. आपल्या ४४ नंबरच्या महामार्गाने सिवनी, लखनादौन, नरसिंहपूर करत वर गेलं की आलंच. गंमत अशी की ते विद्यापीठ स्वतःच्या कमाईतून उभं करणारे डॉ. हरिसिंग गौर नागपुरात वकिली करायचे आणि आपल्या नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. भारतीय दंडविधानावरचं त्यांचं भाष्य जुन्या वकिलांच्या कपाटात अजून सापडतं. सागरला प्रवेश सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून.

समाजाच्या बाजूने शिकायचं असेल तर मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तिथल्या गुन्हेशास्त्र आणि न्याय केंद्राचा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांमध्ये आणि पोलीस ठाण्यांत काम करतोय. दक्षिणेत मद्रास विद्यापीठ, तिरुनेलवेलीचं मनोन्मणियम सुंदरनार विद्यापीठ आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ, दोन्हींना २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला.

गांधीनगरचं ते फॉरेन्सिक विद्यापीठ नागपुरात येतंय म्हणे?

हो. नागपूरच्या कॅम्पसचं भूमिपूजन मे २०२५ मध्ये झालं. प्रवेश विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो. कोणता अभ्यासक्रम कोणत्या कॅम्पसला आहे, हे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघा. व्हॉट्सॲपवर फिरणारी यादी मागच्या वर्षीची असते.

कला शाखेतून चालेल का?

गुन्हेशास्त्राला चालेल. फॉरेन्सिकला नाही.

ही पदवी घेतली की पोलिसात थेट भरती होते का?

होत नाही, एक गुणही जास्त मिळत नाही. पोलीस उपनिरीक्षकासाठी एमपीएससीला कोणतीही पदवी चालते. बीकॉमवाला आणि गुन्हेशास्त्रवाला एकाच रांगेत. शिवाय उंची: मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५७. हे मोजून न घेता पाच-पाच वर्षं अभ्यास करणारी मुलं मी पाहिली आहेत, म्हणून आज घरी जाऊन भिंतीला पाठ लावून उभे राहा. शिपाई भरतीला बारावी पुरते आणि मैदान आधी. सीबीआय, एनआयएचे उपनिरीक्षक कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून येतात. रेल्वे सुरक्षा दलालाही कोणतीही पदवी चालते.

मग उपयोग काय? उपयोग ठाण्यात बसल्यावर होतो. माझा एक जुना विद्यार्थी आज उपनिरीक्षक आहे. तो म्हणाला, “सर, पंच फितूर का होतो हे तुमच्या वर्गात ऐकलं होतं, म्हणून आता पंच निवडताना चहाटपरीवरचे दोघं उचलून आणत नाही.” याचे परीक्षेत गुण नाहीत. पण मुद्देमाल, सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल), चार्जशीट या साखळीतली कडी कुठे तुटते, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याचा तपास वेगळा दिसतो.

यूपीएससीला हा वैकल्पिक विषय घेता येतो?

नाही, यादीतच नाही. समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदा आहेत. गुन्हेशास्त्र शिकलेल्याला समाजशास्त्र जवळचं पडतं.

प्रयोगशाळेत नोकरी कशी मिळते?

राज्याच्या प्रयोगशाळांचं संचालनालय मुंबईत कलिन्याला आहे. पदं निघतात तेव्हा जाहिरातीतला पात्रतेचा रकाना शब्दन् शब्द वाचा. तिथे बहुधा रसायनशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञानाची पदवी लागते. संगणक गुन्हे, ध्वनिफीत विश्लेषण आणि मानसशास्त्र विभागांची पदं वेगळी असतात. नुसतं ‘गुन्हेशास्त्र’ लिहिलेली पदवी इथे बहुतेक वेळा बाद होते. म्हणून कॉलेजच्या पत्रकापासून सुरुवात करू नका. आधी मागच्या दोन-तीन भरतीच्या जाहिराती काढा, हवी ती खुर्ची शोधा, तिच्यासमोर कोणती पदवी लिहिलीय ते बघा आणि मग उलटे चालत कॉलेजपर्यंत या.

कामाचं स्वरूपही ऐकून घ्या. मालिकेत दिसतं तसं निळ्या उजेडात धावपळ नसते. सीलबंद बाटलीतला व्हिसेरा (मृताच्या अवयवांचे नमुने), त्यावरचं लेबल, नोंदवही, पुन्हा पुन्हा तीच चाचणी, आणि काही वर्षांनी कुठल्याशा तालुक्याच्या कोर्टात साक्ष. मान खाली घालून नेटकं काम करणाऱ्यांसाठी ही नोकरी उत्तम.

नव्या कायद्यांमुळे फॉरेन्सिकच्या नोकऱ्या वाढणार, हे खरं का?

कायद्यात तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असं तिच्या कलम १७६ मध्ये आहे, आणि हे अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरणही आता सक्तीचं. म्हणजे माणसं लागणार. मात्र गरज, मंजूर पद, जाहिरात आणि नेमणूक ही चार वेगळी स्टेशनं आहेत, आणि आपल्याकडे गाडी मधल्या दोन स्टेशनांत बराच वेळ थांबते. कंत्राटी नेमणुकांचीही तयारी ठेवा.

तुरुंग, बालन्याय, परिविक्षा (प्रोबेशन) यांत काय करता येतं?

हा प्रश्न मीच घातलाय, कारण माझ्या मते गुन्हेशास्त्राचं खरं घर इथे आहे आणि इथेच कुणी फिरकत नाही.

बालन्यायापासून सुरू करू. सतरा वर्षांच्या मुलाने मोबाइल हिसकावला. तो बाल न्याय मंडळासमोर येतो. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांत किमान एक स्त्री. २०१५ च्या कायद्याप्रमाणे परिविक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत त्या मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. घरी कोण आहे, शाळा कधी सुटली, संगत कुणाची, दारू आहे का, मारहाण आहे का. हा अहवाल जीव ओतून लिहिला तर मुलाचं आयुष्य वळतं. ‘कौटुंबिक परिस्थिती हलाखीची’ असा एका ओळीत उरकला तर मंडळ तरी काय करणार? अहवाल लिहिणं हे आमच्या विषयाचं सर्वांत कसाचं काम आहे. ही पदं महिला व बालविकास विभागाकडे आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात असतात. समाजकार्य, समाजशास्त्र, कायदा, मानसशास्त्र यांतले पदवीधर त्यांत येतात.

मोठ्यांसाठी १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. पहिल्यांदा चुकलेल्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडता येतं. कोर्टात तो फार कमी वापरला जातो, ही माझी जुनी कुरकुर.

वर्धा रोडने जाताना नागपूर मध्यवर्ती कारागृहाची भिंत सगळ्यांनी पाहिलीय. आत कोण आहे याचा अंदाज मात्र बहुतेकांचा चुकतो. देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेलाच नाही. त्यातल्या अनेकांना जामीन मिळालेला असतो, जामीनदार मिळत नाही. नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदा गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने, गुन्हा मृत्युदंडाचा किंवा जन्मठेपेचा नसेल तर, कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडण्याचा विचार व्हायला हवा. अशा लोकांची यादी करणं, कागद जुळवणं, घरच्यांना शोधणं हे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि संस्था करतात. विधी स्वयंसेवक म्हणून विद्यार्थी असतानाच सुरुवात करता येते. तुरुंग अधिकारी व्हायचं असेल तर भरतीनंतरचं प्रशिक्षण येरवड्याला. आणि शक्य झालं तर मोर्शीचं खुलं कारागृह बघून या, परवानगी काढून. कैदी शेतात काम करतात, हे बघितल्यावर शिक्षा या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागतो.

पीडितांच्या बाजूलाही काम आहे: पोलिसांचा भरोसा सेल (महिला-मुलांसाठीचा मदत कक्ष), समुपदेशन केंद्रं, मनोधैर्य योजनेखाली अत्याचारग्रस्त महिला-मुलांचे अर्ज. सगळ्यांना गुन्हेगाराचं मन वाचायचं असतं, फिर्यादीशेजारी बसायला कुणी तयार नसतं.

प्रोफायलर व्हायचंय. कुठला कोर्स?

प्रोफायलर म्हणजे गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधणारा. भारतात या नावाचं नियमित सरकारी पद मी तरी जाहिरातीत पाहिलेलं नाही. जवळचं म्हणाल तर प्रयोगशाळांतला मानसशास्त्र विभाग, त्यासाठी मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी. नार्कोचंही, म्हणजे औषधाने गुंगी आणून घेतलेल्या जबाबाचंही, फार आकर्षण असतं, म्हणून सांगतो: २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की माणसाच्या संमतीशिवाय नार्को, पॉलीग्राफ, ब्रेन मॅपिंग करता येत नाही. मालिका बघून आलेल्या पोरांचा इथे जरा हिरमोड होतो.

सायबरमध्ये जावं का?

संगणक खरोखर आवडत असेल तर जा. ‘तिकडे पैसा आहे’ एवढ्यावर जाऊ नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यालाच करता येतो, पण त्याला लॉग (संगणकातल्या नोंदी) वाचून देणारा, पैसे कुठल्या खात्यातून कुठे फिरले हे काढून देणारा हात दुसऱ्याचा असतो. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर आलेल्या तक्रारीत पहिला तास महत्त्वाचा, हे बँकेतल्या माणसालाही शिकावं लागतं. नागपुरात २०२४ मध्ये ‘मार्वल’ ही पोलीस कामासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरणारी शासकीय कंपनी उभी राहिली, त्यात आयआयएम नागपूरचाही सहभाग आहे. तिथे संगणकवाले लागतीलच. पण जुन्या नोंदी शिकवून यंत्राला संशयित काढायला लावलं आणि त्या नोंदींतच एखाद्या वस्तीवर जास्त गस्त असेल, तर यंत्र पुन्हा त्याच वस्तीकडे बोट दाखवणार. १८७१ आठवतंय ना?

खाजगी नोकऱ्या आहेत का?

बँकांचे फसवणूक तपास विभाग, विमा दाव्यांची तपासणी, मोठ्या सल्लागार कंपन्यांचं फॉरेन्सिक अकाउंटिंग. शेवटच्यासाठी सीए किंवा वाणिज्य पाठीशी हवं. खाजगी गुप्तहेरांसाठी आपल्याकडे स्वतंत्र परवान्याचा कायदा झालेला नाही. २००७ मध्ये विधेयक आलं होतं, पण ते पुढे गेलं नाही. लग्नाआधीच्या चौकशा हा त्यांचा मुख्य धंदा. कुणाचे कॉल रेकॉर्ड ‘मिळवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करू नका, जेलचा अभ्यास आतून करावा लागेल.

मुलीसाठी हे क्षेत्र बरं आहे का?

माझ्या वर्गात मुलीच जास्त आहेत. बाल न्याय मंडळात कायद्यानेच स्त्री सदस्य लागते, आणि अत्याचारग्रस्त मुलगी पुरुषापेक्षा बाईशी लवकर बोलते. रात्री-अपरात्री घटनास्थळी जावं लागेल का, तर काही पदांवर हो. ते ठरवायचं तिने. आजवर एकाही वडिलांनी मुलाच्या बाबतीत मला हे विचारलेलं नाही, एवढं नोंदवून पुढे जातो.

पगार?

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन: पोलीस शिपाई २१,७०० पासून, उपनिरीक्षक ३८,६०० पासून, कायम सहायक प्राध्यापक ५७,७०० पासून. भत्ते वेगळे. प्राध्यापकीसाठी नेट ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, त्यात गुन्हेशास्त्र (संकेतांक ६८) आणि न्यायसहायक विज्ञान (८२) असे दोन वेगळे विषय आहेत. नेट पास झालात तरी कायम जागा निघेपर्यंत तासिका तत्त्वावर शिकवावं लागेल आणि ते मानधन घर चालवायला पुरत नाही. माझी पहिली काही वर्षं त्यातच गेली.

सरकारी वकील व्हायचं असेल तर सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा एमपीएससी घेते, आधी काही वर्षांची वकिली लागते. कनिष्ठ न्यायाधीश पदासाठीही सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा लावली. गुन्हेशास्त्र पक्कं असलेला वकील जामिनाच्या आणि शिक्षेच्या युक्तिवादात उठून दिसतो.

नागपूरला ‘क्राइम कॅपिटल’ म्हणतात. इथे हा विषय शिकायला फायदाच ना?

हे बिरुद टीव्हीवाल्यांचं. आकडे कसे तयार होतात, ते आधी बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग नोंदवलेले गुन्हे मोजतो, घडलेले नव्हे. ज्या शहरात ठाणेदार तक्रार टाळत नाही, तिथला आकडा फुगतो. एका एफआयआरमध्ये खून आणि जबरी चोरी दोन्ही असतील तर फक्त मोठा गुन्हा, म्हणजे खून, मोजला जातो. आणि शहरांचा दर लाखामागे काढताना भागायला २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या घेतली जाते. मिहान, बेसा, मनीषनगर तेव्हा काय होतं आणि आज काय आहे, तुम्हीच सांगा. खुनाचा आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा, कारण प्रेत लपवणं अवघड. छेडछाडीचा सर्वांत कमी.

शिकण्यासारखं इथे भरपूर आहे, हे मात्र खरं. १३ ऑगस्ट २००४ ला कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने वस्तीला छळणाऱ्या गुंडाला इथल्या जिल्हा न्यायालयातच संपवलं. पुढे आरोपी पुराव्याअभावी सुटले. जगभर त्यावर लिहिलं गेलं. लोक कायदा हातात कधी घेतात, हा प्रश्न आम्हाला परदेशी उदाहरणाने शिकवावा लागत नाही, रिंगरोडच्या आतच आहे.

प्रबंधाला विषय कोणता घ्यावा?

‘भारतातील गुन्हेगारी : एक अभ्यास’ सोडून कोणताही. तडीपारी घ्या: नागपुरातून हद्दपार केलेला माणूस वर्ध्यात किंवा भंडाऱ्यात जाऊन काय करतो, तिथल्या ठाण्याला तो कसा दिसतो? पेंच-ताडोबाच्या शिकारीच्या खटल्यांत आरोपी का सुटतात? हिवाळी अधिवेशनात फौजफाटा विधानभवनाभोवती असतो, तेव्हा उपनगरांतल्या घरफोड्यांचं काय होतं? कनिष्ठ न्यायालयांचे निकाल ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, ठाण्यांकडून आकडे माहिती अधिकारात मागता येतात. तुरुंगात मुलाखती घ्यायच्या असतील तर पुण्याच्या कारागृह मुख्यालयाची परवानगी लागते. अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. शेवटच्या सत्रात टाकलेल्या अर्जाचं उत्तर पदवीदान झाल्यावर येतं.

माझ्यावर लहानपणी केस झाली होती. आता सरकारी नोकरी मिळेल?

बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे अज्ञान असतानाच्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलाचा घोर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालून दोष सिद्ध झाला, तो अपवाद. सज्ञान झाल्यावरची केस असेल तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मवर खोटं लिहू नका. केसपेक्षा लपवल्यामुळेच नेमणुका जास्त जातात. आधी वकिलाला कागद दाखवा.

एका संस्थेने सहा महिन्यांचा ‘क्रिमिनल इन्व्हेस्टिगेशन’ कोर्स सांगितलाय. फी भरू का?

माझ्या एका विद्यार्थिनीने अशीच फी भरली होती. हातमोजे, भिंग आणि पाठीवर इंग्रजी अक्षरं छापलेलं जॅकेट मिळालं. प्रमाणपत्र कुठल्याच भरतीत चाललं नाही. भरण्याआधी एवढंच मागा: विद्यापीठाचं संलग्नता पत्र, शिकवणाऱ्यांच्या पदव्या आणि गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांचे नंबर. तिसरी गोष्ट मागितली की बहुतेक जागी फोन ठेवतात.

सुट्टीत आतापासून काय करता येईल?

सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात जाऊन बसा. फौजदारी खटले उघड्या न्यायालयात चालतात, बलात्कारासारखी बंद दालनातली प्रकरणं सोडून कुणालाही मागच्या बाकावर बसता येतं. ओळखपत्र जवळ ठेवा. साडेदहा-अकराला पोचा, कारण आरोपींची गाडी साधारण तेव्हाच येते आणि पायरीवर उभ्या असलेल्या घरच्यांचे चेहरे त्याच वेळी दिसतात. मोबाइल बंद, हाताची घडी नको, न्यायाधीश आले की उभं राहायचं. एक वही न्या. तारीख कुणामुळे पडली, फक्त एवढंच लिहीत जा.